दहा खणांची यादी

"दोन भाषांमध्ये मी असा पूल बांधला आहे साहेब, की त्यावरून हत्ती गेला तरी हलणार नाही!" अशी ग्वाही पंडिताने दिली होती. ऑफिसात सारे त्याला चेष्टेने पंडित म्हणत. तो एकटाच ते खरे मानी.

दातांच्या दवाखान्यासाठी त्याने ॲप रचले होते. रुग्णांची यादी एका प्रोग्रामिंग भाषेत तयार होई. नावे पुकारणारा भाग मात्र फोनच्या स्वतःच्या भाषेत होता. यादी, अर्थात ॲरे, एकीतून दुसरीत उतरवण्यासाठी पंडिताने कायमचे दहा खण आखून ठेवले होते. आज दवाखान्यात खऱ्या रुग्णांवर पहिली परीक्षा. पार पडली तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा! आणि हा पराक्रम पाहावा म्हणून त्याने सासूबाईंनाही आणून साहेबांशेजारी बसवले होते.

"तीन. शिंपी. दाढ भरणे," भिंतीवरचा स्पीकर खणखणीत बोलला. साहेबांनी मान डोलावली.

"जावईबापू, नाव काढलंत हो!"

चौथ्या नावाला मात्र पंडिताने बोटांवर हिशेब केला आणि तो ताडकन उठला. आजचे रुग्ण सात, खण दहा! किती खण भरले हे पलीकडच्या भाषेला कळवायचे राहूनच गेले होते. वरचे सात नव्याने भरले. खालच्या तीन खणांत सकाळी ऑफिसात चाचणीसाठी गमतीने लिहिलेली नावे तशीच बसून होती!

तो धापा टाकत आत तपासणीच्या खोलीत शिरला. "डॉक्टरीणबाई, फोन क्षणभर बंद करू?"

"एवढा छान चाललाय, हात लावाल तर खबरदार!" त्या सुई रोखून म्हणाल्या.

पाच झाले. सहा झाले. सातवा रुग्ण गाल धरून बाहेर पडला. पंडिताने स्पीकरची वायर शोधली. ती भिंतीत गाडलेली. आत डॉक्टरीणबाईंनी सवयीने पुढच्या नावाचे बटण दाबले.

"आठ. सासूबाई. जीभ आखूड करणे."

"अगं बाई!"

"नऊ. साहेब. अक्कलदाढ मुळातच नाही, नवी बसवणे."

साहेबांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. पंडिताने डोळे मिटले.

"दहा. जावई. बत्तीसही दात शाबूत."

"साहेब, नोकरीचं काय ते तुम्ही बघा," सासूबाई शांतपणे उठल्या, "ही शेवटची नोंद तेवढी मी दुरुस्त करते!"