पिंप, पलंग आणि सात माणसं

"खोली द्यायची तर रिकामी करून दे. सामानासकट खोली देणं म्हंजी दाव्यासकट म्हैस उसनी देणं," असं इरम्माबाईंनी सुनेला बजावलं होतं. सून शिवकांता बी.ए. झालेली. तिनं ते हसण्यावारी नेलं. शिकलेल्या माणसाला टेकायला काहीतरी लागतं, आत्याबाई, असं म्हणून तिनं पुढच्या खोलीत आपला लग्नातला सागवानी पलंग तसाच राहू दिला आणि भाडं दोन रुपयांनी वाढवून चौदा केलं.

बहात्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता, त्र्याहत्तरचा एप्रिल लागला होता. लोहाऱ्यातल्या विहिरींत पोहरा टाकला की खडखड ऐकू यायची. शिवकांताचा नवरा वीरभद्र दुष्काळी रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून होता. तो रविवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. घरी सासू, शिवकांता आणि सात महिन्यांचा बाळ. अशा घरात भाडेकरू म्हणून आले गोरोबा, सोसायटीचे नवे सचिव. वय सव्वीस, एकटा जीव, पांढराशुभ्र लेंगा आणि मोत्यासारखं अक्षर. शिवकांतानं त्यांची नखंसुद्धा बघून घेतली होती. स्वच्छ होती.

पलंग तिच्या वडिलांनी, मुरूमच्या वीरप्पांनी, दिला होता. भर मांडवात त्यांनी पलंगावर थाप मारून सांगितलं होतं, अस्सल साग, चार पिढ्या हलायचा नाही. येत्या गुरुवारी बाळाच्या जावळाला ते येणार होते आणि रात्री त्याच पलंगावर निजणार होते. शिवकांताच्या मनात गेला महिनाभर तेवढं एकच चित्र होतं.

त्याच्या अगोदरच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता पुढच्या खोलीत असा आवाज झाला की पाळण्यातला बाळ हात वर करून जागा झाला. शिवकांता बाळाला उचलून धावली. दाराखालून पाणी येत होतं. एप्रिलात लोहाऱ्यात दाराखालून पाणी येणं म्हणजे दाराखालून सोनं येण्यासारखं. पलंग मधोमध वाकून बसला होता, एका बाजूचं गातं, म्हणजे कडेचं आडवं लाकूड, दुभंगलं होतं आणि त्यावर गोड्या तेलाचं एक मोठं पिंप आडवं पडून पाणी ओकत होतं. पिंपाला खाली पितळी तोटी बसवलेली होती.

गोरोबांनी भिंतीला टेकून खुलासा केला. पिंप जमिनीवर ठेवलं की तोटीखाली घागर मावत नव्हती. उंचावर ठेवलं की पाणी नळासारखं येतं, हे त्यांनी पुण्याच्या प्रशिक्षणात बघितलं होतं. खोलीत उंच असं एकच होतं, म्हणून पलंगावर दोन विटा मांडून त्यांनी पिंप चढवलं. स्वतः ते तीन आठवड्यांपासून खाली चटईवर झोपत होते.

तेवढ्यात शेजारच्या भिमाबाई आल्या, त्यांच्या मागून अख्खी आळी आली. मोडलेल्या पलंगाकडं कुणी बघितलंही नाही. बायका लुगड्याचे पदर, फडकी, पोती जे मिळेल त्यानं जमिनीवरचं पाणी टिपत होत्या आणि घमेल्यात पिळत होत्या. इरम्माबाईंनी सुनेची कोरी चादर काढून अंथरली आणि पिळून निघालेलं पाणी म्हशीपुढं ठेवलं. म्हशीनं ते गढूळ पाणी पिऊन शेपटी हलवली. त्या दुपारी घरात समाधान झालेली ती एकटीच.

पिराजी सुतार येऊन पलंग बघून गेला. नवीन सागाची दोन्ही गाती, बिजागऱ्या आणि मजुरी मिळून नव्वद रुपये सांगितले. बुधवारी संध्याकाळी तयार करून देतो म्हणाला, पण पैसे आधी. शिवकांतानं तो आकडा सकाळी गोरोबांना सांगितला. ते लेंग्याची घडी नीट करत शांतपणे बोलले.

"वहिनी, पलंगाचं राहू द्या. माझ्या पाण्याचं बोला. तेरा घागरी पाणी गेलं. तुमचा पलंग दमदार असता तर गेलं असतं का?"

शिवकांताला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. पण संध्याकाळपर्यंत गाव गोरोबांच्या बाजूला गेलं होतं. तेरा घागरी हा आकडा दारोदार फिरला आणि प्रत्येक दारात लोकांचा जीव हळहळला. पलंग मोडला तर माणूस भुईवर झोपतो, पाणी गेलं तर काय चाटतो, असं भिमाबाईंचं म्हणणं. कुणी म्हणालं, बी.ए. बाईला लाकडाची पडलीय.  इरम्माबाई मात्र चुलीपुढं बसून नुसत्या फुंकणी फिरवत राहिल्या आणि ते शिवकांताला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. गुरुवार चार दिवसांवर आला होता. वडिलांना खाली चटईवर निजवायचं आणि सासूनं ते बघायचं, या विचारानं रविवारी तिला जेवण गेलं नाही. वीरभद्र आला होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि आपल्याला पहाटेची एस.टी. असल्याचं सांगितलं.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या ओसरीवर बैठक बसली. निवाडा आबारावांकडं. आबाराव सोसायटीचे चेअरमन, टँकरच्या पाणी कमिटीचेही प्रमुख, आणि त्यांची मुलगी गुलाब लग्नाची होती. गोरोबांचं अक्षर, गोरोबांचा लेंगा आणि गोरोबांचा पगार या तिन्ही गोष्टी आबारावांना गेल्या महिन्यापासून आवडायला लागल्या होत्या, हे गावाला ठाऊक होतं. आज तर आतल्या खोलीच्या दाराआड गुलाबची आई येऊन बसली होती. तिच्या बांगड्या अधूनमधून वाजत होत्या.

शिवकांता बाळाला कडेवर घेऊन खांबाला टेकून उभी राहिली, शेजारी इरम्माबाई बसल्या. दोन्हीकडचं ऐकून आबारावांनी मिशीवरून हात फिरवला.

"हे बघ सूनबाई. पोरगा सरळ हाय. लाकूड तुमचं गेलं, पाणी त्याचं गेलं. दोघांचंबी नुकसान झालं, फिट्टंफाट. उठा आता."

लोक उठायला लागले.  पण बाळाचे लंगोट किती पाण्यात धुवायचे याचा हिशेब ती महिनाभर रोज मांडत होती आणि तो आकडा तिच्या डोक्यातून कधी हलत नसे. टँकर दर तिसऱ्या दिवशी येई आणि यादीप्रमाणे माणशी एक घागर मिळे.

"आबासाहेब, एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "टँकर सुरू झाल्यापासून किती खेपा झाल्या?"

"धा झाल्या," कोपऱ्यातून पिराजी म्हणाला.

"मग एकट्या माणसाला दहा घागरी मिळाल्या. त्यात हे महिनाभर पाणी प्यायले, आंघोळी केल्या, हा लेंगा रोज धुतला. आणि तरी पिंपात तेरा घागरी उरल्या. आमच्या घरात तीन माणसं, आमच्या पिंपाचा तळ दिसतो. हे कसं जमतं तेवढं मला शिकून घ्यायचंय."

उठलेले लोक परत बसले. गोरोबांनी घसा साफ केला आणि काटकसर म्हणून काही सांगायला सुरुवात केली, पण भिमाबाईंनी मधेच विचारलं, यादी कुठाय. यादी तिथंच होती, सोसायटीच्या कपाटात. गावात दुसऱ्या कुणाचं अक्षर इतकं चांगलं नसल्यानं ती गोरोबांनीच लिहिली होती आणि आबारावांनी पानापानावर न वाचता सह्या ठोकल्या होत्या.

वाचायला चष्मा कुणाकडंच नव्हता. इरम्माबाई पहिल्यांदा बोलल्या. "माझी सून वाचंल. बी.ए. हाय ती."

शिवकांतानं बाळ सासूच्या मांडीवर दिला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिनं आवाज अजिबात चढवला नाही.

"गोरोबा, सचिव. स्वतः एक. पत्नी एक. आई एक. मुले चार. एकूण सात."

दाराआडच्या बांगड्या एकदम थांबल्या.

आबाराव गोरोबांकडं वळले. मग हळूच म्हणाले, "मुलं चार?"

"लिहिताना चूक झाली असंल, आबासाहेब."

"एखादं पोरगं चुकून होतंय, गोरोबा. चार कशी होतील?"

हसू दाबायला भिमाबाईंनी पदर तोंडात कोंबला. गोरोबांची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली होती. पोरं खरी म्हणावीत तर गुलाब गेली. खोटी म्हणावीत तर ओसरीवर बसलेल्या साठ माणसांच्या घागरींतलं पाणी आपण चोरलं हे कबूल करावं लागणार. आणि त्या साठ माणसांत चौदा बायका होत्या, त्यांतल्या निम्म्यांच्या हातात रिकाम्या घागरी होत्या. गोरोबांनी एकदा आतल्या दाराकडं बघितलं, एकदा घागरींकडं. शेवटी तरुण माणूस होता.

"मी सडाच हाय," गोरोबा म्हणाले. "पोरं खोटी हायत."

दाराआडून कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. पण सुटका तेवढ्यावर झाली नाही. इरम्माबाई बाळाला थोपटत सावकाश उठल्या.

"आबाराव, माझं बी ऐका. म्या खोली एकट्या माणसाला दिली चौदा रुपयांत. ह्यांच्याच हातानं लिवलंय, खोलीत सात माणसं राहत्यात, आन् खाली सही तुमची हाय. मग सात माणसांचं भाडं द्या, न्हायतर सही खोटी म्हणा."

सहीचा विषय निघाल्यावर आबारावांनी फारच घाई केली. भाड्याचं सोडा वहिनी, ते म्हणाले, आणि तिथल्या तिथं निकाल फिरवला. पलंगाचे नव्वद रुपये गोरोबांनी आजच्या आज द्यायचे. पुढच्या दहा खेपा गोरोबांना पाण्याची पाळी नाही. त्यांनी प्यायला भिमाबाईंकडून तांब्याभर मागून घ्यायचं. लग्नाचं काय ते पावसाळ्यानंतर बघू. गोरोबांनी खिशातून पैसे काढले आणि पिराजीच्या हातावर ठेवले. ओसरीवरून खाली उतरताना बायकांनी शिवकांताला आधी वाट दिली. घरी जाताना इरम्माबाई वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या, "आमच्या सुनेनं वाचलं, बरं का." एरवी त्या तिला "वीरभद्राची बायको" म्हणायच्या.

मंगळवारी पिराजीनं पलंग खोलला. दुपारी तो दाराशी आला आणि इरम्माबाई म्हशीकडं गेलेल्या बघून हळूच बोलला. "ताई, पाय सागाचेच हायत. पण ही गाती कडूलिंबाची निघाली. वरून पालीस मारलंय. कुणीतरी तुमच्या वडिलांना गंडवलं, न्हायतर..." पुढचं त्यानं सोडून दिलं. "लिंबाचीच घालायची तर तीस रुपयांत होतं. साठ परत देतो मी."

शिवकांतानं हिशेब मांडला. साठ रुपये गोरोबांना परत करायचे म्हणजे का ते सांगायचं. का ते सांगायचं म्हणजे भर मांडवात मारलेली ती थाप साऱ्या गावासमोर पुसायची, आणि तीही सासूनं पहिल्यांदा "आमची सून" म्हटलं त्याच आठवड्यात. तिनं पदर खोचला.

"पिराजीभाऊ, निकाल सागाचा झालाय. सागाचीच घाला. दोन्ही बाजूंना."

गुरुवारी वीरप्पा आले. जावळ झालं, पंगत उठली, आणि ते पलंगावर टेकले. सवयीनं त्यांनी कडेवरून हात फिरवला. हात मधेच थांबला. ते एकदा परत चाचपून बघत राहिले, अंगठ्यानं, नखानं. मग त्यांनी लेकीकडं बघितलं. लेक नेमकी त्याच वेळी बाळाच्या टोपड्याची नाडी सोडवण्यात गुंतली होती.

"अस्सल साग," उंबऱ्यात बसलेल्या इरम्माबाईंना ऐकू जाईल असं वीरप्पा म्हणाले.

"व्हय तर," इरम्माबाई म्हणाल्या. "तेरा घागरी पेलल्या जवळजवळ."

त्या रात्री वीरप्पांना फार गाढ झोप लागली. शिवकांताला लागली नाही. जिंकलेल्या माणसाला झोप का लागू नये, हे तिला कळेना. ती साठ रुपयांचा विचार करत होती.

पुढच्या महिन्यात गोरोबांची बदली जळकोटला झाली. जाताना त्यांनी खोली झाडून दिली, इरम्माबाईंच्या पाया पडले आणि शिवकांताला म्हणाले, वहिनी, तुमचं गणित लई पक्कं हाय. ते गेल्यापासून तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी असतं. एकटा माणूस, हातानं स्वयंपाक येत नाही, नव्या गावात आता यादीत एकच माणूस लिहीत असेल.

तेव्हा शिवकांताचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. जळकोटला कधी एस.टी.तून उतरलात, तर हमरस्त्यापासून सोसायटी जवळच आहे. गोरोबा सचिव आहेत का, एवढं विचारा. दोन वेळा जेवतात का, लेंगा अजून पांढरा आहे का, जरा डोळ्यांनी बघून या. कुणी पाठवलं ते मात्र सांगू नका.