नव्या टबाची मोरी बसली आणि अबोला सुटला त्याची हकीकत

श्री. ज्या पाण्याने गावे वसली आणि ज्या पाण्याने माड्या पडल्या, त्या पाण्यास प्रथम दंडवत. शके अठराशे एकोणनव्वद, प्लवंगनाम संवत्सरे, माघ वद्य पंचमीस राजवाड्याचे माडीवरील जुना टब काढोन नवा बसवावा, ऐसी महाराजांची आज्ञा जाहली. कारण ऐसे की, जुना टब मोरीपाशी गळत होता आणि बरोबर खाली आईसाहेबांचे देवघर. देवांवर मोरीचे पाणी पडले, मग आईसाहेब संतापोन माहेरी गेल्या आणि लेकाशी, म्हणजे महाराजांशी, बोलणे टाकिले. आता आल्या त्या एकच सांगोन की, "टिपूस पडला तर या घराचे पाणी पिणार नाही." मग महाराजांनी हमामखान्याचे मानकरी सुभानजी नाईक यांस म्हटले, "आईसाहेब पुन्हा गेल्या तर किल्ल्या ठेवा आणि तुम्हीही चालते व्हा." सुभानजींनी किल्ल्या कमरेस घट्ट खोविल्या. बापआज्यांपासोनचा हमाम तो!

टबाचे रूप काय वर्णावे! हत्तीचे पिल्लू निजेल येवढा थोरला आणि दुधासारिखा पांढरा. आईसाहेबांनी स्वहस्ते मोरीच्या भोकास हळदकुंकू लाविले, अक्षता वाहिल्या. मग सुभानजींनी पितळी कड्याखाली तेलात मळलेल्या लांबीचा वळ लाविला आणि कडे बसवोन, खालोन रबर घालोन आट्यांची चाकी पान्ह्याने आवळिली. मग टब भरिला आणि आईसाहेब खाली देवांपुढे तळहात पसरोन बसल्या. सारे छताकडे पाहात उभे. आणि टप्! तळहाती थेंब पडला.

सुभानजींनी टब रिता करोन कडे काढिले, तो लांबीत अक्षतेचा दाणा रुतलेला, कुंकवाने लाल. येवढ्याशा दाण्याने पाण्यास वाट दिधली! दाणा मुठीत धरोन सुभानजी खाली आले, किल्ल्या पुढे ठेविल्या आणि म्हणाले, "चूक माझी, आईसाहेब."

बोटांतोन लाल पाणी ओघळत होते. आईसाहेब म्हणाल्या, "मूठ उघड रे." पाहोन चकित जाहल्या. "अगंबाई! ही तर माझीच अक्षता. आणि मेल्या, तू बोलला नाहीस?"

"देवाला वाहिलेली ती. तिला चूक कसे म्हणावे?"

मग आईसाहेब पदर खोचोन माडी चढल्या आणि भोकाचे कुंकू आपल्या हाते पुसो लागल्या. मंडळी म्हणाली, "वाहिलेले कुंकू पुसो नये!" आईसाहेब म्हणाल्या, "देव रागावले तर माझ्यावर रागावतील." कड लख्ख कोरडी केली, मग सुभानजींनी नवी लांबी लावोन मोरी पुन्हा आवळिली, टब काठोकाठ भरिला आणि आईसाहेब खाली येवोन पुन्हा हात पसरोन बसल्या. बराच वेळ गेला, थेंब नाही. मग बूच ओढिले, आणि काय तो घोष! पाणी भोवरा धरोन भिंतीतील नळातोन गर्जत उतरले, देवघराचे ताम्हन थरथरले, आणि छत कोरडे. सुभानजींनी भिंतीस हात लावोन नमस्कार केला. आईसाहेबांनी तो कोरडा तळहात शेजारी उभ्या लेकाचे गालावर ठेविला आणि म्हणाल्या, "जेवलास का रे?"

येणेप्रमाणे मोरी बसली. किल्ल्या सुभानजींकडेच राहिल्या. त्या दिवशी महाराज दोनदा जेवले.