टाका, पीळ, सांधा आणि एक गाठ

आमच्या गल्लीत 'जोड' हा शब्द उच्चारायची सोय नाही. उच्चारला की शेजारचा दगडूतात्या अंगावर येतो.

"शर्टाला टाका आस्तो, तारंला पीळ, पायपाला सांधा, आंब्याला कलम. समद्याला जोड म्हनायला आपन काय मुके हाव का?"

युसूफवडगावच्या शिंप्याकडं, केजच्या वायरमनकडं तात्या तासन् तास असले शब्द विचारत बसतो. कपडे मात्र शिवून घेत नाही.

मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दुष्काळानं दूध आटलं तरी सभा घ्यावीच लागते. चेअरमन म्हणाले, "आपण सगळे सभासद एकमेकांशी जोडलेले आहोत." मागून तात्या उठला. "कशानं? खिळ्यानं जोडलं आसल तर आधी गंज बघा." सभा तिथंच आटोपली. चेअरमन अजून मलाच बोलतात, जणू मीच त्याला शिकवून आणलं होतं.

दसऱ्याआधी मुकादम माझ्या ओट्यावर येतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी त्याला माझ्या अक्षरात लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची, अशी रीत. तात्या आणि सरूकाकू वीस वर्षं एक कोयता होते. यंदा उन्हाळ्यात सरूकाकू वारली.

"दगडू, अर्धा," मुकादम म्हणाला.

"अर्धा का म्हून रं?" तात्या समोरच उभा होता.

"मोळी कोन बांधनार? दुसरा अर्धा बगून जोडतो तुला."

आता भडका उडणार म्हणून मी पेन खाली ठेवलं. पण तात्या शांतपणे मला म्हणाला, "एक लिवा, न्हाईतर नाव खोडा." आणि घराकडं चालता झाला.

नाव खोडलं तर हा खाणार काय? गावात ना काम, ना पाणी. मला लई राग आला. तसाच त्याच्या मागं गेलो. अंगणात तुराट्यांच्या पन्नासेक मोळ्या पडलेल्या, काही पार वेड्यावाकड्या. शेळी भुकेनं ओरडत होती, आणि वर आढ्याला उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याच्या पाल्याची, एक वाळलेली पेंडी टांगलेली.

"तात्या, ही तरी टाका की शेळीला."

"सोडायची न्हाई ती. सरूनं बांधल्याली हाय." त्यानं गाठीवरनं बोट फिरवलं. "हिलाच बगून मोळी बांधाया शिकलो मी. वीस वरसं नुसता म्हनायचो, आवर लवकर. गाठ कशी घालती, कवा बगितलंच न्हाई."

"काय म्हणतात या गाठीला?"

"ठावं न्हाई. तिला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

त्यानं दाराजवळची एक मोळी माझ्यापुढं टाकली. मी दोन्ही हातांनी ओढली, पाय देऊन ओढली. गाठ हलली नाही.

ओट्यावर परत येऊन मी लिहिलं: दगडू, एक कोयता.

मुकादम वाकून बघत म्हणाला, "आन् मोळी?"

"सरूकाकूनं शिकवलंय त्याला," मी म्हणालो, आणि पुढचं नाव विचारलं.