डाव्या बाजूची जागा

भास्करभाऊंच्या डाव्या हाताला कोणी बसायचं नाही, हा आमच्या गल्लीतला अलिखित कायदा आहे. डोणगावात बदली होऊन आलो तेव्हा मी तो एकदा मोडला. शाळेतून येताना त्यांच्या ओट्यावर जरा टेकलो, तर मोबाइलमधून डोकंही वर न काढता ते म्हणाले, "गुरुजी, उजव्या अंगानं या. ती जागा धरेल हाये." मागे मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी असंच उठवलं होतं. तो बिचारा हात जोडलेलेच ठेवून उजवीकडे सरकला.

भाऊंनी जन्मभर बैलजोडीने शेत वाहिलं. आता ट्रॅक्टर येतो, पण डोक्यातली जोडी काही सुटलेली नाही. डावीकडे चालायला शिकलेला बैल उजवीकडे जुंपला की नांगराचं तास वाकडं जातं, हे त्यांनी साऱ्या जगाला लावून टाकलं आहे. "डावं-उजवं पाहा लागते, गुरुजी," हे त्यांचं पालुपद. माझ्या भाच्याच्या लग्नाचा फोटो पाहून ते एवढंच म्हणाले, "पोरगी चांगली हाये, पण उभी चुकली."

असा हा बासष्ट वर्षांचा गडी रोज संध्याकाळी साडेसहाला मोबाइलवर राक्षसांच्या झुंजी लावतो.

हे खूळ त्यांना मुलीने लावलं. मीनल हिवरा आश्रमला कॉलेजात होती. एसटीतून उतरली की चहाचा कप घेऊन बापाच्या डावीकडे बसायची, आणि दोघं दोन मोबाइलवर एकमेकांशी लढायचे. प्रत्येकाकडे सहा राक्षस. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी दगडाचा. त्यांची परदेशी नावं भाऊंच्या जिभेला वळेनात. म्हणून दगडी कासवाचं बारसं 'ढेकूळ' असं झालं, आगीच्या कोल्ह्याचं 'इस्तो', आणि मीनलच्या लाडक्या पाणराक्षसाचं 'झिरा'.

भाऊंचा डाव एकच. ढेकूळ पुढे करायचं आणि समोरचा दमेपर्यंत वाट पाहायची. "वावराच्या धुऱ्यावरच्या गोट्यावानी बसाचं, बस!"

"बाबा, मारा ना! काऊन बसून राह्यले?" मीनल कावायची.

आतून मीनलची आई, आमच्या काकू, म्हणायच्या, "माह्यासंगं सारी जिनगानी इतकं बोलले नाईत."

मग मीनलला हैदराबादला नोकरी लागली, शिफ्टची. आधी ती तिकडून रोज खेळायची. मग रविवारी. मग नुसता फोन, तोही जेवलात का, गोळी घेतली का, एवढ्यापुरता. तिची चूक नव्हती, हे भाऊ मला न विचारताच सांगत. खेळात त्यांच्यासमोर आता अनोळखी लोक येऊ लागले.

आणि अशातच खेळाने कूस बदलली. नव्या नियमाप्रमाणे मैदानात एकाऐवजी दोन राक्षस शेजारी शेजारी उभे राहू लागले, आणि दुसरा राक्षस जोडीदाराचा, म्हणजे दुसऱ्या माणसाचा. भाऊंची सगळी विद्या पालथी पडली. ढेकूळ कितीही टणक असलं तरी समोरचे दोघं मिळून त्याचा दोन फेऱ्यांत भुगा करायचे. इस्तोने आग ओकली तर शेजारचा आपलाच गडी भाजून निघणार.

दुसऱ्या कोणी खेळ सोडून दिला असता. भाऊंनी ओट्यामागच्या भिंतीवर आठ दिवस खडूने आखणी केली. निष्कर्ष असा: इस्तोला घरी बसवायचं, ढेकळाने जोडीदाराच्या अंगावरचा मार आपल्यावर घ्यायचा, आणि तेवढ्यात झिऱ्याने पहिला घाव घालायचा. "आता बसून भागत नाई. आता चालाव लागते, अन् बरोबरीनं." मी विज्ञान शिकवतो. मला त्या भिंतीत एकही चूक सापडली नाही.

अडचण एकच होती. झिरा हैदराबादला होता.

जोडीदार मिनिटभरात आला नाही तर खेळ स्वतःच यंत्राचा गडी देऊ करतो. भाऊ तो नाकारायचे. एकट्या ढेकळाला दोघांपुढे उभं करायचे आणि रोज हरायचे. एकेकाळी वरच्या यादीत असलेलं त्यांचं नाव घसरत घसरत नवशिक्यांत येऊन पडलं. मला ते बघवेना.

"भाऊ, मी शिकतो. मी बसतो डाव्या बाजूला."

त्यांनी मला बाजारातल्या बैलासारखं खालीवर न्याहाळलं. "तुमी उजव्या अंगाचे, गुरुजी." मग मोबाइलकडे बघत हळूच म्हणाले, "अन् कवा तिनं उघडून पाह्यलं, तं तिले जागा भरेल दिसन ना."

मी उजवीकडे सरकून बसलो.

परवाच्या रविवारी मी नेहमीसारखा उजवीकडे बसलो होतो. साडेसहाला भाऊंनी खेळातून मीनलला रोजचं बोलावणं पाठवलं, आणि पडद्यावर डाव्या बाजूला झिरा उभा राहिला. पाठोपाठ फोनमधून मीनलचा आवाज आला, "बाबा, आज सुट्टी हाये. म्हटलं पाहावं. पण हे दोघं दोघं काऊन उभे हायेत?"

तिला नवा नियम ठाऊकच नव्हता. मागे आठ दिवसांचा खडू भिंतभर होता. मला वाटलं, आता भाऊ तिला सगळं समजावून सांगणार.

"काई नाई बदललं," भाऊ म्हणाले. "तू पयल्यावानी खेळ."

ती पहिल्यासारखी खेळली. आधी निवांत ताकद भरायची, मग मारायचं. नव्या खेळात तेवढी सवड कोण देतो? तिच्यावरचा प्रत्येक मार ढेकूळ आपल्या अंगावर घेत राहिलं. एकदा समोरची फळी उघडी पडली, तरी भाऊंनी घाव घातला नाही.

"भाऊ, मारा ना!" मी न राहवून कुजबुजलो.

"थांबा हो. संगतीचा बैल मांगं राह्यला, तं आपुन पाय आखडाव लागते."

पाच मिनिटांत खेळ आटोपला.

"बाबा, हरलो न आपण."

"हाव, हरलो!" भाऊ इतके खुशीत हसले की काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "उद्या येशीन का हरायले?"

"पाहते बाबा. शिफ्ट पाहून सांगते."

दुसऱ्या दिवशी गेलो तर भिंत ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ केलेली. भाऊ ओट्यावर बसले होते. साडेसहा वाजले. मिनिट गेलं. खेळाने विचारलं, यंत्राचा गडी देऊ का?

"शिफ्ट असन," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी 'नको' दाबलं. ढेकूळ एकटंच मैदानात उतरलं, डावीकडची जागा मोकळी ठेवून.