सत्तेचाळीस नंबरची झोप

ओट्यावरचं झाकण ठणकन खाली पडलं आणि शिरूरच्या त्या दोन खोल्यांतली दुपारची शांतता मोडली! डॉक्टर करुणानं लॅपटॉपवरची नजर काढली नाही. दवाखाना, स्वयंपाक आणि सहा वर्षांची दीक्षा यांच्या फटींतून वेळ चोरून तिची पीएचडी चालली होती. विषय, दिवसपाळी-रात्रपाळीत राबणाऱ्या कामगारांची झोप. आणि आज तर करुणा नव्या टायरसारखी फुगली होती!

कारण तिच्या अभ्यासातला सत्तेचाळीस नंबर! कुरकुंभला कारखान्यात कामाला असलेले हौशीराम. सहा महिन्यांपूर्वी झोपेतून पाच-पाचदा उठणारा माणूस. आणि आता आलेल्या दुसऱ्या फॉर्मात? 'जाग : एकदाही नाही. चिडचिड : नाही. कामावर पेंग : नाही.' गोळी नाही, काही नाही, नुसत्या सल्ल्यानं!

गाईड सरही फोनवर हरखले. "मॅडम, हा माणूस समितीपुढं समक्ष आणा!"

तिनं लगेच दौंडला रंगुबाईंना फोन लावला, स्पीकरवर. घरोघर फिरून तिचे दुसरे फॉर्म त्यांनीच भरले होते.

"रंगुबाई, मंगळवारी हौशीरामना पुण्याला घेऊन या. गाडी मी पाठवते."

"कसं आणू वो मॅडम?"

"सुट्टी नाही का? कंपनीला पत्र देते!"

"सुट्टीच हाय त्यास्नी."

"मग? गाडी लागते?"

"मॅडम, ते वारलं. तीन म्हयनं झालं."

"अहो, मग फॉर्म?"

"तुमीच म्हनला व्हता, एक बी रकाना मोकळा नगं! त्यांच्या बायकूम्होरं बसून खरंखरं भरलं. ती म्हनली, आता कसली जाग आन् कसली चिडचिड! तवा फोन केल्ता तुमास्नी. तुमी म्हनला, पेशंट हायती, नंतर बोलू."

करुणाला फस्सकन हसू आलं. गाडी पाठवायला निघाली होती ती! मग तिनं सत्तेचाळीस नंबरचा पहिला फॉर्म उघडला.

तो तिनं स्वतः कुरकुंभला जाऊन भरला होता. तेव्हा हौशीराम टोपी हातात धरून म्हणाले होते, "छातीत बी जड वाटतंय, मॅडम." आणि ती घड्याळाकडं बघत म्हणाली होती, "आज फक्त झोपेचं, मामा. छातीचं दवाखान्यात येऊन दाखवा." शिरूरला यायचं म्हणजे त्यांची एक पाळी बुडणार. ते आलेच नाहीत. तिनंही परत विचारलं नाही.

बत्तीस प्रश्न. बत्तीस उत्तरं. एकही रकाना मोकळा नव्हता.

दीक्षा झाकण उचलून तिच्या मांडीला टेकून उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, त्या मामांना काय होत होतं गं?"