देवकाबाईंचं मौन आणि काळी भिंत

महालक्ष्म्या संध्याकाळी यायच्या होत्या, आणि त्यांना जिथे बसवायचं तीच भिंत सकाळी काळी निघाली. सौसरच्या त्या जुन्या मातीच्या घरात भादव्याची ओल दरवर्षीच शिरायची, पण यंदा बुरशी थेट आढ्यापर्यंत चढली होती. बाजारातलं जहाल औषध लावलं की चुन्यासकट मातीही सुटते. म्हणून सून अमितानं उन्हाळ्यातच संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी माठात मुरवून ठेवलं होतं. "पडवीतल्या माठातलं पाणी घ्या अन् काथ्यानं घासा," असं नवऱ्याला, गजेंद्रला, बजावून ती फुलं आणायला गेली.

पडवीत माठ दोन होते. दोन्हींच्या तोंडाला फडकं, दोन्हींना आंबूस वास. दुसऱ्यात सासूबाईंनी, देवकाबाईंनी, ताकात ज्वारीचं पीठ आंबत घातलं होतं. उद्याच्या नैवेद्याची अंबील! तिच्याशिवाय महालक्ष्म्यांचं ताट पुरं होत नाही, आणि नव्यानं आंबवायला आता वेळ नव्हता.

गजेंद्रनं नेमका तोच उचलला. तळाशी पिठूळ गाळ दिसला, पण साली कुजल्यावर असंच होत असेल, असं त्याला वाटलं.

देवकाबाई त्याच खोलीत जपाला बसल्या होत्या. चातुर्मासात रोज अकरा माळा. त्या संपेपर्यंत आसन सोडायचं नाही, शब्द काढायचा नाही. तेरा वर्षांत नेम मोडला नव्हता. बादलीत पांढरी धार पडली तेव्हा तिसरी माळ चालू होती.

त्यांनी डोळे मोठे केले, तोंडाकडे बोट दाखवलं.

"वास येते का, माय? थांब, बांधतो." गजेंद्रनं स्वतःच्याच तोंडाला दुपट्टा गुंडाळला.

त्यांनी घाईघाईनं देव्हाऱ्याकडे हात केला.

"हो ना, देवाचंच काम हाये. कसर नाई ठेवत!" त्यानं आणखी एक धार ओतली.

आणि नवल असं, की भिंत खरंच उजळू लागली. काथ्या फिरेल तिथली बुरशी उतरून खालचा चुना शुभ्र दिसायला लागला. शेजारच्या शकुबाई दारातच थबकल्या.

"अगा माय! भिंत हाये का दूध? कायनं निघाली रे?"

"संत्र्याच्या सालीच्या पाण्यानं, काकू."

"मलेबी दे एक गडवा. मायी भिंत तं तव्यासारखी झाली!"

शकुबाईंनी गल्लीत सांगितलं. रजनी आली, आणखी चौघी आल्या. देवकाबाईंचा मोकळा हात वाऱ्यावरच्या फांदीसारखा हलत होता. बायांना वाटलं, त्या आशीर्वाद देऊन राहिल्या. कुणाचा गडवा, कुणाचा तांब्या भरून गेला. दहाव्या माळेला शकुबाई परत आल्या आणि माठ कलता करू लागल्या. आत अंबील नैवेद्यापुरतीच उरली होती.

"थांब!"

तो आवाज देवकाबाईंचा आहे हे खुद्द देवकाबाईंनाही क्षणभर पटलं नाही. शकुबाईंच्या हातून गडवा सुटला. त्यांनी हात जोडले.

"देवी आली वं! देवकाबाईच्या आंगात आली!"

"देवी कायची? मीच हाओ! नैवेद्याची अंबील फासून राहिले तुमी भिंतीले!"

तेवढ्यात अमिता फुलं घेऊन आली आणि पडवीतूनच ओरडली, "अहो, माझं पाणी तं जसंच्या तसं हाये!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"आयकलं?" शकुबाई कुजबुजल्या. "अंबिलीनं भिंत निघते, हे कोनाले ठाऊक होतं? देवीनंच सांगतलं!"

रजनीनं भुईला डोकं टेकलं. "माय, मी एकदा घासू का दोनदा?"

"अवं, मी देवका..."

ऐकतं कोण? शकुबाईंनी धावत जाऊन आपल्या घरची अर्धी अंबील देवीसाठी आणून देवकाबाईंच्या पुढ्यात ठेवली. मग रजनीनं. दिवेलागणीपर्यंत पाच भांडी झाली. नैवेद्य वाचला, पण तेरा वर्षांचा नेम गेला, हे देवकाबाईंच्या जिवाला लागून राहिलं.

संध्याकाळी महालक्ष्म्या बसल्या. समईचा उजेड त्या भिंतीवर पडला आणि दोन्ही मुखवटे लख्ख झळकले. देवकाबाई क्षमा मागायला पुढे झाल्या. हात जोडले, ओठ उघडले. शब्दच फुटेना.

"बोल ना, माय. आता कायचं मौन?" गजेंद्र म्हणाला.

"चूप रे!" शकुबाईंनी त्याचा दंड धरला. "देवी देवीसंग बोलून राहिली."