बाहेरून कुलूप

सिंधू सिस्टर घरात आहेत की नाहीत, हे ओळखायची आमच्याकडे एक सोपी खूण आहे. दाराला बाहेरून कुलूप दिसलं की समजायचं, बाई घरात आहेत.

मी उलटं लिहिलेलं नाही. त्या कुलपाची चावी माझ्याकडे असते, म्हणून खात्रीने सांगते.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. आईबाप ऊसतोडीला जातात, घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तालुक्याला कापसाची सहकारी जिनिंग गिरणी बंद पडली, तिच्या कामगारांच्या खोल्या आता भाड्याने देतात. एकीत मी, शेजारच्या खोलीत सरकारी दवाखान्यातल्या सिंधू सिस्टर. मध्ये एकच भिंत, तीही अशी की पलीकडे शिंक आली तर अलीकडून विचारपूस करता येते. शेजारी सिस्टर आहेत म्हणूनच बापाने मला इथे एकटीला ठेवलं.

दवाखान्यात सिस्टरांच्या सात जागा आहेत. भरलेल्या तीन. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. त्यामुळे ड्युटी संपवून सिंधू सिस्टर घरी येतात, तोंडावर पाणी मारतात, तोवर शिपाई बाबूमामा दारात हजर. "सायबांनी बोलवलंय." सायब म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर. मोबाईल त्या ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवतात, पण मामांना ज्वारीत पुरता येत नाही.

"सरळ नाही म्हणा ना," मी एकदा भीत भीत म्हटलं.

"म्हणून बघितलं की. सायब म्हणतेत, सिस्टर, माणुसकी दाखवा. आता माणुसकीला न्हाई कसं म्हणायचं? कुलपाला कुणी माणुसकी मागत न्हाई."

तेव्हापासून त्या आत जातात, मी बाहेरून कुलूप लावते आणि चावी माझ्या कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवते. मागचं दार पाण्याच्या ड्रमांनी अडलेलं आहे. टँकर आठ दिवसांनी येतो, तेव्हा भरलेला ड्रम हलवायची कुणाची हिंमत नसते.

पहिल्या दिवशी मामांनी मला विचारलं, "सिस्टर कुठं गेल्यात?"

मला खोटं बोलता येत नाही. मी कुलपाकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे.

"गावाला गेल्या म्हण की!" आतून आवाज आला.

मामा शहाणा माणूस. त्या दिवसापासून त्यांनी मला विचारायचं सोडून दिलं. ते थेट कुलपासमोर उभे राहतात, टोपी काढतात आणि कुलपाला केस सांगतात.

"पयलटकरीण हाय. उमापूरकडची. जीपमधनं आणलीय. पाणी गेलंय म्हनतेत."

कुलूप गप्प.

"पोरगी लहान हाय हो, लई भ्यालीय."

मग आतून, "पाणी कवा गेलं?"

मामा माझ्याकडे बघतात. मी चावी आणायला जाते.

बाहेर पडताना सिस्टर कधीच मामांना रागावत नाहीत, कुलपाला रागावतात. "हे कुलूपच कामाचं न्हाई. दुसरं आणावं लागंल." माझ्यादेखत त्यांनी तीन कुलपं बदलली, दरवेळी पहिल्यापेक्षा मोठं. तिसऱ्या वेळी दुकानदाराने विचारलं, "बाई, घरात एवढं काय ठेवलंय?"

"झोप," सिस्टर म्हणाल्या. "दाखवा त्यातलं दणकट."

यंदा उन्हाळा लागता लागता कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळ्या गावोगाव परतल्या. सहा महिने उसाच्या फडात दाबून ठेवलेली दुखणी सगळी एकदम दवाखान्यात आली. त्यातच दुसऱ्या सिस्टर तापाने पडल्या. सिंधू सिस्टर सकाळी गेल्या, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या. पायरी चढताना त्यांनी भिंत धरली. गंमत त्या दिवशी नव्हती.

चावी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आज मी आतून काय बी बोलले तरी उघडू नकोस."

"कावून?" माझ्या तोंडून निघालं.

"हात झोपलाय माझा." त्या उंबऱ्यावर टेकल्या. "मागल्या साली असंच लागोपाठ तीन ड्युट्या. एका बाईला इंजेक्शन दिलं आन् परत तिच्याच दंडाला हात घातला. तीच म्हणली, सिस्टर, आत्ताच टोचलं की मला. ती बोलली म्हणून. तान्हं लेकरू असतं तर बोललं असतं का?"

इतके दिवस मला वाटायचं, बाई आरामासाठी लपतात.

मी कुलूप लावलं. अर्ध्या तासात मामा आले, टोपी काढली.

"दुसरी खेप हाय. टोळीवरनं परवाच आलीय. कळा सुरू हायेत."

आतून जड आवाज, "पोरी, उघड."

माझी चावी घामाने ओली झाली. मी घरातही कुणाला उलट बोललेली नाही.

"उघड म्हणते ना!"

"नाही," मी म्हटलं. मग मामांकडे वळले. "मामा, बाई घरातच आहेत. कालपासून उभ्या होत्या. साहेबांना तसंच सांगा, मी उघडलं नाही म्हणून सांगा. दवाखान्यात डॉक्टर आहेत, मावशी आहेत. अवघड वाटलं तर बीडला न्यायला गाडी आहे."

"सायब चिडतील बाई."

"माझं नाव सांगा."

मामांनी टोपी घातली. दारापलीकडून मोजके शब्द आले, "मामा, मावशीला म्हणावं, तिच्या डोक्याशी उभी राहा. आन् सायबांना म्हणावं, घाई करू नका." मामा सायकलवर गेले. त्यानंतर आतून काही आवाज आला नाही. झोपल्या, असं मला वाटलं. मी पुस्तक उघडून बसले आणि एकच पान वाचत राहिले.

दिवे लागायच्या सुमाराला सायकल परत आली. मामा आज बोलवायला आले नव्हते, तरी सवयीने कुलपासमोरच उभे राहिले.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. सायबांनीच केलं सगळं. पाय दुखतेत म्हणून खुर्चीत बसलेत. वर कागद लिवलाय, अजून सिस्टर पाठवा म्हणून."

"रडली का लगेच?" आतून विचारलं. आवाज अगदी जवळून आला, दाराच्या खालच्या बाजूने.

"लगेच. लई जोरात."

फळीला टेकलेली पाठ सुटल्याचा आवाज झाला. गुडघे कुरकुरले, बांगड्या वाजल्या. दुपारपासून बाई दाराला टेकून जमिनीवर बसून होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "आता खरंच उघडू नकोस."

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येऊ लागला.